झाडं लावायची की गुरं पाळायची? कापड्याच्या डोंगरउतारावर दोन्ही एकत्र कशी सांभाळायची?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पोलादपूरहून कापड्यामार्गे उमरठकडे निघालात, तर दोन्ही बाजूंचे उतार पिवळे-करडे दिसतात. मध्येच एखादा काळा पट्टा दिसतो, म्हणजे तिथून वणवा गेलेला. गुरं रस्त्याच्या कडेला सावली शोधत उभी असतात. दोन महिन्यांनी तोच रस्ता धरा. डोंगर हिरवेगार आणि गवत गुडघ्याला लागलेलं.

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा खोटा वाटेल. तरीही इथल्या गुरांना उन्हाळ्यात पोटभर चारा मिळत नाही. कारण जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत येतो आणि उतारावरून सावित्रीला जाऊन मिळतो. उरलेले आठ महिने कोरडे.

या भागात एक वाद कायमचा आहे. झाडं लावणारा म्हणतो, गुरांनी रोपं खाल्ली. गुरं पाळणारा म्हणतो, कुंपण घातलंत, आता आम्ही चारायचं कुठे? वरवर पाहता झाडं आणि गुरं यांचं वैर आहे असंच वाटतं. पण जगभरातला आणि कोकणातला जुना अनुभव वेगळं सांगतो. भांडण झाडाचं आणि गुराचं नाही, भांडण वेळेचं आहे. कोणत्या महिन्यात गुरं कुठे असावीत आणि कोणत्या वयाच्या झाडाजवळ असावीत, एवढं जमलं तर दोन्ही एकाच रानात राहतात.

ते कसं, हे समजून घेऊ.

'सिल्व्होपाश्चर' म्हणजे नेमकं काय?

झाडं, गवत आणि गुरं एकाच जमिनीवर ठरवून सांभाळणं, याला जगात 'सिल्व्होपाश्चर' म्हणतात. मराठीत त्याला वनकुरण म्हणता येईल. यातला महत्त्वाचा शब्द आहे 'ठरवून'. माळावर चार झाडं आहेत आणि खाली गुरं चरतायत, एवढ्याने वनकुरण होत नाही. झाडं कोणती, किती अंतरावर, गुरं किती आणि ती कधी आत सोडायची, हे सगळं आधी ठरवलेलं असावं लागतं.

स्पेनमध्ये ओकच्या विरळ झाडांखाली डुकरं आणि मेंढ्या चारण्याची 'देहेसा' नावाची पद्धत शेकडो वर्षं चालत आली आहे. कोलंबियात कौका नदीच्या खोऱ्यातल्या 'एल हातिको' या फार्मवर सुबाभळीच्या दाट ओळी, त्यांच्यामध्ये गवत आणि वर मोठी झाडं अशी मांडणी आहे. तिथे गुरं एका तुकड्यात थोडा वेळ चरतात आणि पुढच्या तुकड्यात जातात. चरून झालेल्या तुकड्याला अनेक आठवडे विश्रांती मिळते.

भारताने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण आणलं. शेतातल्या झाडांसाठी वेगळं राष्ट्रीय धोरण करणारा भारत हा पहिला देश मानला जातो.

पण कापड्याच्या शेतकऱ्याकडे शेकडो एकरांचा फार्म नाही. त्याच्याकडे खाली थोडी भातशेती असते आणि वर उतारावर वरकस. वरकस म्हणजे भात न होणारी, नाचणी-वरी किंवा गवतासाठी ठेवलेली हलकी जमीन. आपला प्रश्न याच वरकस जमिनीचा आहे.

कोकणाला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. कोकणातला शेतकरी पिढ्यान् पिढ्या ऐन आणि किंजळीच्या फांद्या छाटत आला आहे. ही छाटलेली कवळं, शेण, पालापाचोळा आणि गवत तरव्याच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात भाजलं जायचं. यालाच राब म्हणतात. म्हणजे झाड, गोठा आणि भात हे तिन्ही एकाच साखळीत होते. इंग्रजांच्या वनखात्याने या फांदीतोडीवर बंधनं आणल्यावर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोठी नाराजी झाली. १८८५ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या वन आयोगापुढे राबाचा प्रश्न आला होता. कुलाबा म्हणजेच आजचा रायगड.

दुसरी परंपरा गवळी धनगरांची. सह्याद्रीच्या वरच्या टप्प्यांवर वाडे करून राहणारा हा समाज म्हशी आणि गाई पाळायचा आणि लोणी-तूप खालच्या गावांत विकायचा. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ के. सी. मल्होत्रा यांनी या समाजाच्या जीवनपद्धतीचा अभ्यास केला आणि तो १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. महाड-पोलादपूरच्या डोंगरांत आजही धनगरवाडे आहेत.

तिसरी गोष्ट म्हणजे इथली गाय. कोकणातल्या लहान चणीच्या, उष्ण-दमट हवेत टिकणाऱ्या आणि डोंगर चढणाऱ्या गावठी गाईला 'कोकण कपिला' या नावाने २०१८ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. ती दूध कमी देते, पण खातेही कमी. उतारावरच्या चराईसाठी ती जर्सीपेक्षा सोयीची ठरते.

मग गणित कुठे बिघडलं?

एकाच कारणाने नाही.

पहिलं कारण, राखायला माणूस नाही. या दोन तालुक्यांतली तरुण पिढी मोठ्या संख्येने मुंबई-पुण्याला कामाला आहे. गुरांमागे फिरणारा गुराखी गेला आणि गुरं मोकळी सुटली. पूर्वी भात कापल्यावर गुरं मोकळी सोडायची रीत होती आणि पावसाळ्यात ती राखली जायची. आता अनेक ठिकाणी ती बाराही महिने मोकाट असतात.

दुसरं, बैलांची जागा पॉवर टिलरने घेतली. त्यामुळे बैल पोसण्याचं कारण कमी झालं आणि गवत राखण्याचंही.

तिसरं, वणवा. जाळल्यावर गवत चांगलं फुटतं, असा समज आहे. राखेमुळे पहिल्या पावसात कोवळे कोंब लवकर दिसतात हे खरं. पण त्याच आगीत दोन-तीन वर्षांची रोपं आणि गवताचं बी मरतं, मातीवरचा पाचोळा जातो आणि जून महिन्यातला पहिला मुसळधार पाऊस थेट उघड्या मातीवर पडतो.

चौथं, रानमोडी आणि घाणेरी. सतत चरून आणि जळून उघड्या पडलेल्या जागेत ही बाहेरून आलेली झुडपं पसरतात. रानमोडीला गुरं तोंड लावत नाहीत. म्हणजे कुरण हिरवं दिसतं, पण खायला काही नसतं.

एका कुटुंबाचं गणित: किती गुरं परवडतात?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कुटुंबाकडे एक एकर भातशेती आणि अडीच एकर, म्हणजे साधारण एक हेक्टर वरकस आहे. दोन गावठी गाई आणि पाच शेळ्या आहेत. पुढचे आकडे ढोबळ आहेत. जमीन आणि पावसाप्रमाणे ते बदलतील, पण हिशेबाची रीत हीच.

चाऱ्याचा हिशेब सुक्या वजनावर करतात. जनावर रोज आपल्या वजनाच्या साधारण दोन ते अडीच टक्के सुका चारा खातं, शेळी थोडी जास्त.

* अडीचशे किलोची एक गाय रोज साडेपाच किलो. दोन गाई वर्षाला ४ टन.
* एक शेळी रोज सुमारे ९०० ग्रॅम. पाच शेळ्या वर्षाला १.६ टन.
* एकूण गरज वर्षाला ५.६ टन.

आता घरचा चारा पाहू.

* एक एकर भाताचा पेंढा साधारण सव्वा टन.
* अडीच एकरांवरचं राखून कापलेलं गवत अडीच टन.
* बांधावरची आणि कापणीनंतरच्या शेतातली चराई अर्धा टन.
* एकूण सव्वाचार टन.

तूट साधारण १.३ टनांची, म्हणजे या गोठ्याचा जवळपास तीन महिन्यांचा चारा. आणि हे तीन महिने नेमके मार्चअखेर ते जून असतात. दरवर्षी एप्रिलमध्ये गुरं मोकळी सुटतात, शेजाऱ्याच्या काजूत शिरतात आणि भांडण होतं, त्यामागे हे तीन महिने आहेत.

तूट फक्त वजनाची नाही. सुक्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के असतात. एवढ्यावर गाय जिवंत राहते, पण दूध देत नाही आणि वेळेवर माजावर येत नाही. ही उणीव भरून काढायला झाडाचा पाला कामी येतो. गिरीपुष्पाच्या पाल्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या पुढे असतात.

झाडं ही तूट किती भरून काढतील?

एक हेक्टरचा तुकडा चौकोनी धरला तर त्याची हद्द ४०० मीटर होते. तिच्यावर सव्वा मीटरला एक याप्रमाणे गिरीपुष्पाचे खुंट लावले तर ३२० झाडं बसतात. त्यातली ३०० जगली आणि प्रत्येकी वर्षाला पाच किलो ओला पाला मिळाला, तर दीड टन ओला, म्हणजे साधारण पावणेचारशे किलो सुका चारा झाला. फणस, उंबर, आसाणा, शेवरी यांच्या पाल्याचे आणखी दोनशे किलो धरा. घराच्या सांडपाण्यावर दोन गुंठे संकरित नेपियर गवत लावलं तर चारशे किलोच्या आसपास सुका चारा मिळू शकतो.

बेरीज ९७५ किलो. तूट अजून पावणेचारशे किलोंची उरते. ती कशी भरायची? याचं प्रामाणिक उत्तर असं, की एक शेळी कमी करायची. नाहीतर करडं उन्हाळ्याआधी विकायची.

झाडं लावली म्हणून गुरं कितीही वाढवता येत नाहीत. जमिनीला झेपतील त्यापेक्षा एक जनावर जास्त झालं तरी त्याची किंमत आधी रोपं मोजतात आणि मग माती.

कोणती झाडं लावायची?

झाडांचे तीन गट करा.

*कुंपणाची आणि पाल्याची झाडं:* गिरीपुष्प, शेवरी, हादगा, पांगारा. गिरीपुष्पाला उंदीरमारी असंही म्हणतात. मनगटाएवढ्या जाडीचे, मीटर-दीड मीटर लांबीचे खुंट पहिल्या पावसात लावले की फुटतात. पांगाराही खुंटापासून येतो.

*उत्पन्नाची झाडं:* काजू, आंबा, फणस, शिवण, साग. काजूची 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' ही कलमं तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळू लागतात. या जाती वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या. हे केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं.

*रानातली मूळची झाडं:* ऐन, किंजळ, कुंभा, आसाणा, धामण, जांभूळ, हिरडा, उंबर. ही विकत आणायची गरज नाही. कुंपण घालून दोन पावसाळे जागा राखली आणि वणवा आत येऊ दिला नाही, तर जुन्या बुंध्यांना फुटवे येतात. त्यातला एक सरळ फुटवा ठेवून बाकीचे छाटले की झाड लवकर उंच होतं, कारण खाली मुळं आधीच तयार असतात.

अंतराचं काय? गवताला ऊन लागतं. अर्ध्याहून जास्त जमीन झाडांच्या सावलीत गेली की गवत उणावतं. म्हणून उत्पन्नाची झाडं उताराला आडव्या ओळींत लावावीत आणि दोन ओळींमध्ये आठ ते दहा मीटर जागा गवताला सोडावी. वरून खाली ओळी लावल्या तर पाणी त्याच वाटेने माती घेऊन जातं.

रोप गुरांपासून वाचवायचं कसं?

यात बहुतेकांची चूक एकच होते. पहिल्याच वर्षी झाडं लावतात आणि त्याच जागेत गुरंही सोडतात.

शेळी मागच्या पायांवर उभी राहून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरचा पाला ओढते. गाय शेंडा खाते, अंग घासते आणि रोप मोडते. त्यामुळे साधा नियम असा, की रोपाचा शेंडा जनावराच्या तोंडाच्या वर जाऊन बुंधा मनगटाएवढा होईपर्यंत त्या तुकड्यात चराई नको. याला साधारण तीन पावसाळे लागतात.

मग तीन वर्षं गुरं चारायची कुठे? यावर उपाय म्हणजे सगळी जमीन एकदम बंद करायची नाही. वरकसाचे चार तुकडे करा आणि दरवर्षी एकाच तुकड्यात लागवड करा. बाकीच्या तीन तुकड्यांत गवत आणि चराई चालू राहते. पहिला तुकडा चौथ्या वर्षी गाईंसाठी उघडतो, तेव्हा शेवटच्या तुकड्याची लागवड होत असते. एरवी एका वर्षात होणारं काम असं चार वर्षांत होतं, पण गोठा रिकामा करावा लागत नाही.

कलमांचा नियम आणखी कडक आहे. आंब्या-काजूच्या कलमांच्या फांद्या खालपासून असतात, म्हणून त्यांच्यात शेळ्या कधीच मोकळ्या सोडू नयेत. गाई चालतात, पण झाड मोठं झाल्यावर आणि मोहोर-फळांचा हंगाम सोडून.

कुंपण कशाचं करायचं? काटेरी तार महाग पडते आणि दमट हवेत गंजते. कोकणाकडे स्वतःचे स्वस्त उपाय आहेत. दगड असतील तिथे गडगा, म्हणजे चुना-मातीशिवाय रचलेली दगडी भिंत. त्याला लागून निरगुडी, करवंद किंवा निवडुंग. निरगुडीचा पाला गुरं सहसा खात नाहीत. आतल्या बाजूला गिरीपुष्पाचे खुंट. पहिली दोन वर्षं रोपाभोवती बोरीच्या काटेरी फांद्या रोवल्या की गाय दूर राहते.

पाला किती तोडायचा?

कोयता हातात असला की सगळं झाड बोडकं करायचा मोह होतो. असं झाड दोन-तीन वर्षांत वाळतं. म्हणून वरचा एक तृतीयांश शेंडा कधी छाटू नये. ऐन-किंजळीसारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडाला एक-दोन वर्षांची विश्रांती द्यावी आणि पाळीपाळीने वेगवेगळी झाडं घ्यावीत. गिरीपुष्प मात्र वर्षातून दोन-तीनदा छाटलेलं सोसतं.

गिरीपुष्पाची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. न छाटलेलं झाड जानेवारी-फेब्रुवारीत पानं टाकतं आणि गुलाबी फुलांनी भरतं. दिसायला सुंदर, पण गाईच्या उपयोगाचं नाही. तेच झाड पावसाळा संपताना छाटलं तर नवी फूट उन्हाळ्यातही टिकते. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पाला हवा असेल, तर कोयता ऑक्टोबरमध्ये चालवायला हवा.

नवीन पाला गुरं लगेच खात नाहीत. गिरीपुष्पाच्या वासाने गाय तोंड फिरवते. पाला रात्रभर सुकवून, पेंढ्यात मिसळून, थोड्या प्रमाणात सुरुवात केली की सवय लागते. एकूण खाण्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नये.

कोणत्या पाल्याचा धोका आहे?

सुबाभळीत मायमोसिन नावाचं द्रव्य असतं. जास्त खाल्लं तर केस गळतात, गळ्याशी गाठ येते आणि वजन घटतं. म्हणून तिचा पाला एकूण चाऱ्याच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावा. याच्याशी जोडलेली एक रंजक गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणारी गुरं आजारी पडत होती, हवाई बेटांवरच्या शेळ्यांना मात्र काही होत नव्हतं. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने दाखवलं, की हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू आहेत. पुढे त्या जिवाणूला त्यांच्याच नावावरून 'सिनर्जिस्टिस जोन्सी' असं नाव मिळालं.

घाणेरी, म्हणजेच टणटणी, जास्त धोक्याची. एरवी गुरं ती टाळतात, पण उपाशी जनावर खातं. मग यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते आणि जनावर दगावूही शकतं. कण्हेर तर थोडीही घातक. कुरणात ही झाडं दिसली तर पावसाळ्यात माती मऊ असताना मुळासकट उपटणं सगळ्यात सोपं.

पावसाळ्यात गुरं कुठे ठेवायची?

गवत जुलैमध्ये भराभर वाढतं, म्हणून गुरं तेव्हाच डोंगरावर सोडावीत असं वाटतं. पण चिंब झालेल्या उतारावर गुरांचे खूर माती दाबतात. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वरून वाहतं. त्याच त्या पायवाटांच्या पुढे घळी होतात.

म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तीव्र उताराचे तुकडे बंद ठेवणं, गुरं सपाट जागी किंवा गोठ्यात ठेवणं आणि गवत कापून आणून घालणं चांगलं. दुष्काळी पट्ट्यातल्या हिवरे बाजारने हाच नियम गावपातळीवर पाळला. चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायला परवानगी दिली. तिथे पाऊस कोकणाच्या कितीतरी पट कमी. तरी गवत वाढलं आणि त्यामागोमाग गावातलं दूधही वाढलं.

वर्षाचं वेळापत्रक

* मे: घटसर्प आणि फऱ्याची लस. शेळ्यांना आंत्रविषाराची. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तारीख विचारून ठेवा. लागवडीचे खड्डे काढा.
* जून: पहिल्या चांगल्या पावसानंतर गिरीपुष्प-पांगाऱ्याचे खुंट आणि रोपं लावा.
* जुलै-ऑगस्ट: उतार बंद. गवत कापून आणायचं. गोठा कोरडा ठेवायचा, नाहीतर खुरं सडतात. रानमोडी आणि घाणेरी उपटायची.
* सप्टेंबर-ऑक्टोबर: गिरीपुष्पाची छाटणी. पाऊस उघडला की गवत फुलोऱ्यात असताना कापणी. पूर्ण वाळेपर्यंत थांबलं तर वजन मिळतं, पण कस जातो.
* नोव्हेंबर-डिसेंबर: भात निघालं की पेंढा आणि गवताची गंजी उंचवट्यावर रचा. गुरं कापलेल्या शेतात आणि बंदी उठलेल्या तुकड्यात.
* जानेवारी-फेब्रुवारी: हद्दीवर तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा. गवत कापून आणि पाचोळा झाडून हा पट्टा मोकळा करायचा.
* मार्च-एप्रिल: पेंढा, सुकं गवत आणि रोज थोडा पाला. गुरं दुपारी सावलीत. जास्तीची करडं याआधी विकलेली बरी.

झाडं लावली की दरड कोसळत नाही का?

महाड-पोलादपूरमध्ये हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव अशा गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये इथे दरडीखाली ८० हून अधिक माणसं गेली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी पडून जीवितहानी झाली.

झाडांची मुळं वरचा मीटर-दोन मीटर मातीचा थर बांधून ठेवतात. त्यामुळे छोटी घसरण आणि धूप कमी होते. पण अतिवृष्टीत खालच्या खडकापासून सगळा उतारच सुटला, तर झाडंही त्याच्याबरोबर खाली येतात. म्हणून 'झाडं लावली, आता धोका नाही' असं समजणं चूक आहे.

वनकुरणाची मदत आहे, पण मर्यादित. उतार जळू न देणं, तो गुरांनी तुडवू न देणं आणि तिथे खोल मुळांची झाडं टिकवणं, याने माती धरून राहते. मात्र उतारावर भेगा दिसत असतील, झाडं तिरकी झाली असतील किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येत असेल, तर तिथे चर खोदू नयेत, गोठा बांधू नये आणि तहसील कार्यालयाला कळवावं. अशा ठिकाणी पाणी मुरवण्याचे उपायच धोका वाढवू शकतात.

स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायला परवानगी लागते का?

अनेक झाडांसाठी लागते. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ या कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा अशी झाडं आहेत. म्हणजे आज लावलेला साग पंचवीस वर्षांनी विकायचा असेल, तर त्याची नोंद आजपासून असलेली बरी. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरच्या झाडांचीही नोंद करता येते.

सातबाऱ्यावर 'खाजगी वन' असा शेरा आहे का, हेही आधी पाहा. १९७५ च्या खाजगी वन कायद्यामुळे कोकणात अनेक सातबाऱ्यांवर असा शेरा आहे. तो असेल तर लागवड-तोडणीआधी वनविभागाशी बोलणं गरजेचं.

फळझाडांसाठी रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना राज्यात १९९० पासून आहे. तिच्यात न बसणाऱ्यांसाठी २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. अर्जाची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करता येते.

आणि शेजाऱ्याची गुरं?

एकट्याने सगळं नीट केलं आणि शेजारची दहा गुरं रात्री आत शिरली, तर तीन वर्षांचं काम एका रात्रीत जातं. कायदा आहे. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याखाली मोकाट जनावर कोंडवाड्यात घालता येतं. पण लहान गावात शेजाऱ्याची गाय कोंडवाड्यात घातली, तर त्यानंतरची दहा वर्षं बोलणं बंद होतं.

म्हणून हा विषय शेवटी ग्रामसभेत येतो. सगळ्या डोंगरावर चराईबंदी केली तर ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांची गुरं उपाशी मरतात, त्यात धनगरवाडेही येतात. असा ठराव टिकत नाही. त्यापेक्षा वाडीनिहाय एक उतार तीन वर्षांसाठी बंद, बाकीचे खुले, बंद उतारावरचं गवत कापून न्यायची सगळ्यांना मुभा आणि वाडीने मिळून ठेवलेला एक पगारी राखणदार, हा तोडगा जास्त झेपणारा आहे. राखणदाराचा खर्च घरटी वाटला तर एका घराला तारेच्या कुंपणापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

थोडक्यात

* एकदम सगळ्या जमिनीत लागवड नको. चार तुकडे, वर्षाला एक.
* रोप तीन पावसाळ्यांचं होईपर्यंत त्या तुकड्यात चराई नको.
* कलमांत शेळ्या कधीच नकोत.
* उन्हाळ्यात पाला हवा असेल तर गिरीपुष्प ऑक्टोबरमध्ये छाटा.
* जुलै-ऑगस्टमध्ये उतार बंद, गवत कापून आणा.
* वणवा आत येऊ देऊ नका. जाळरेषा फेब्रुवारीच्या आत.
* आधी चारा मोजा, मग गुरं ठरवा.

यातलं सगळं एका वर्षात होणार नाही. या जूनमध्ये कुणाला सुरुवात करायची असेल, तर हद्दीवर गिरीपुष्पाची एक ओळ आणि एका तुकड्याला कुंपण, एवढं पुरेसं आहे. चौथ्या मे महिन्यात गाय त्या झाडांच्या सावलीत उभी असेल आणि पुढ्यात पेंढ्याबरोबर थोडा हिरवा पालाही असेल.